चौथा फर्मा

त्या दिवशी मी घरातून निघाले ती फक्त दोरा आणायला. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, तुला काही चाहूल लागली नव्हती का? कसली चाहूल? मेण लावलेला सुती दोरा संपला होता, खळीसाठी तांदळाचं पीठ हवं होतं, आणि येताना आईने सांगितलेलं जाळण्याचं कागदी सामान घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी लीचं श्राद्ध होतं.

ली माझी धाकटी बहीण. सात वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. रोज झोपताना मी तिला एक गोष्ट सांगायची, माझ्याच मनाने रचलेली. एका मुलीचं बदकाचं पिल्लू तळ्यात हरवतं आणि ती त्याला शोधत पाण्याखालच्या बाजारात जाते. त्या बाजारात गर्दी असते, पण कुणी कुणाशी बोलत नाही. शेवटी एकदा मी मुलीला त्या बाजारात नेऊन बसवलं आणि म्हटलं, उरलेलं उद्या. मला झोप येत होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी लीला दवाखान्यात नेलं आणि गोष्ट तिथेच राहिली.

नऊ वर्षांनी, हनोईच्या कलाशाळेत माझं शेवटचं वर्ष होतं. प्रत्येकाने एक परीकथा स्वतः चितारून हाताने बांधायची, असं काम सरांनी दिलं. मी दुसरी कुठली गोष्ट घेणार होते? सरांना गोष्ट आवडली, चित्रं नाही आवडली. म्हणाले, ही मुलगी बाहुली वाटते, एखादं जिवंत पोर समोर बसव आणि काढ.

जिवंत पोर घरात होतंच. माझ्या भावाची मुलगी, तेप. दादा आणि वहिनी शेजारच्या बाक निन्ह शहरातल्या कारखान्यात कामाला, म्हणून ती आमच्याकडे. सहा वर्षांची, आणि एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. मी तिला तिळाच्या वड्यांची लाच द्यायची. एका वडीला एक चित्र, असा आमचा करार होता. त्याच आठवड्यात तिचा पुढचा एक दात पडला होता.

"दाताची फट दाखवायची नाही हं, आत्या," ती बजावायची. मी हो म्हणायची आणि फट हमखास दाखवायची.

पुस्तक चार फर्म्यांचं होतं, म्हणजे घडी घालून शिवलेल्या आठ-आठ पानांच्या चार जुड्या. पहिल्यात मुलगी घर सोडते, दुसऱ्यात पाण्यात उतरते, तिसऱ्यात बाजारात स्टुलावर बसून वाट पाहते, आणि चौथ्यात परत येते. तीन फर्मे झाले होते. चौथा कोरा होता. ती परत कशी येते, ते मलाच ठाऊक नव्हतं. शिवण नीट बसते की नाही हे पाहायला मी झालेल्या चित्रांच्या प्रती काढून तीनच फर्म्यांची एक डमी बांधली. दिवस वाईट होते. वसंताच्या तोंडावर आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो, फरशीवर पाणी साचतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. खळ सुकेना. कागद मऊ पडून पापडासारखा वाकायचा. घरभर कुबट वास भरलेला असायचा.

श्राद्धाच्या दिवशी जेवणाचं पान देवघरात ठेवून झालं, आणि आम्ही गच्चीवर पत्र्याच्या डब्यात कागदी सामान जाळायला घेतलं. कागदी फ्रॉक, कागदी चपला, कागदी सायकल. इथून जाळलेलं तिकडे पोचतं, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो असतो. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खाली जाऊन ती डमी घेऊन आले. आईने ती हातात घेतली. तिचे डोळे भरले. वाटेत दुसऱ्या कुणी हिसकावू नये म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूवर नाव घालतो, तसं तिने मुखपृष्ठावर लीचं नाव घातलं. पुस्तक तिने उघडून पाहिलं नाही. ओल्या हवेमुळे बाकी सगळं नुसतं धुमसत होतं. पुस्तकाने मात्र एकदम पेट घेतला. मला फार हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेप जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली दिसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित डावीकडे. पाच मिनिटांनी पाहिलं तरी तशीच. तिला असं बसलेलं मी कुठे पाहिलंय ते आठवायला मला वेळ लागला. तिसऱ्या फर्म्याचं शेवटचं पान होतं ते. मी तिळाची वडी पुढे केली. तिने घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

"खा ना."

"इथे खायचं नसतं," ती हळूच म्हणाली. "आत्या... माझे पाय गार पडलेत."

संध्याकाळी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, हवा वाईट आहे, घरोघरी हेच चाललंय. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडेना. पाण्याचा थेंब तोंडात टिकत नव्हता. नखं निळसर झाली होती, आणि केसांना तळ्याच्या गाळाचा वास येत होता. डॉक्टर पुन्हा येऊन गेले आणि या वेळी म्हणाले, हिच्या आईवडिलांना बोलावून घ्या.

मी दादाला फोन करून खोलीत आले, तेव्हा फरशीकडे लक्ष गेलं. घाम फुटलेल्या फरशीवर लहान, अनवाणी पावलं उमटली होती. देवघराच्या जिन्यावरून उतरून ती तेपच्या खाटेपर्यंत आली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं. तेप तर कालपासून खाटेवरून उठलीच नव्हती.

"आत्या..." डोळे मिटलेलेच. आवाज लांबून येत होता. "ती विचारतेय... बदक सापडल्यावर काय झालं?"

"कोण विचारतंय?"

"माझ्या शेजारी बसलीय ती... बाजारात."

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्या जवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "त्या पुस्तकात चेहरा कुणाचा होता?"

मी चित्रांची वही तिच्यापुढे धरली. तेप, तेप, पानापानावर तेप, दाताच्या फटीसकट. आईने वही मिटून ठेवली.

"तू तेपला त्यात बसवलंस," ती म्हणाली, "आणि मी वर लीचं नाव घातलं. खुए, आपण आपल्या हातांनी ही पोर तिला देऊन टाकली."

मग तिनेच कागद आणून माझ्यापुढे ठेवला. "तिला घरी आण."

मी खाटेजवळच बसले. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर धुक्याने गल्ली दिसत नव्हती. मी चित्र काढत होते आणि मोठ्याने सांगत होते. बदक सापडतं. मुलगी त्याला काखेत घेते. शेजारी बसलेल्यांकडे बघायचं नाही, उठायचं, पाण्याच्या पायऱ्या चढायच्या. नऊ वर्षं न सापडलेला शेवट तासाभरात हाताला आला. शाई ओल्या कागदावर पसरत होती. तेपकडे बघून काढावं म्हणून मी एकदोनदा मान वर केली, पण तिचे गाल इतके आत गेले होते आणि पापण्यांखाली नुसतं पांढरं दिसत होतं, की माझ्याने पाहवेना. मग मी बघितलंच नाही. हाताला येत होतं ते काढत गेले. आठ पानं झाली. शेवटच्या पानावर मुलगी घराच्या दारात उभी होती. दाभणाने तीन भोकं पाडून मी फर्मा शिवला.

"या खेपेला कुणाचंच नाव घालायचं नाही," आई म्हणाली.

गच्चीवर उजेड अजून होता. आईने काडी ओढली. उष्णतेने पानं आपोआप उलटू लागली. एक, दोन, तीन... शेवटचं पान उघडं पडलं आणि मला दारातल्या मुलीची भुवई दिसली. डावी भुवई, मधोमध तुटलेली.

ली चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली होती. तिथे भुवई पुन्हा आली नाही. देवघरातला तिचा फोटो बघून बघूनच मी चित्रं काढायला शिकले होते. माझ्या हाताला पाठ होता तो एकच चेहरा.

मी डब्यात हात घातला. बोटं भाजली, पण पान वाचलं नाही. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ठिणगी उडाली.

खाली आलो तर तेप खाटेवर उठून बसली होती. अंग गार, नखं गुलाबी. भात आणि त्यावर घालायचं माशाचं खारं पाणी मागत होती. तिला कवटाळून आई इतकी रडली, की मीही रडले. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती.

"उरलेलं उद्या सांगते म्हणाली होतीस ना, ताई?" ती म्हणाली.

आईची पाठ माझ्याकडे होती. तिचं रडणं क्षणभर थांबलं. मग ती पुन्हा रडू लागली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. पुस्तक मी पूर्ण केलं. शेवटच्या फर्म्यात मुलगी सगळीकडे पाठमोरीच का, असं सरांनी विचारलं, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तेप आता चौदा वर्षांची आहे, हुशार आहे, मला आत्याच म्हणते. त्या एका दिवसानंतर तिने दुसरं काही म्हटलेलं नाही. दादा म्हणतो, आजाराने पोर शांत झाली, बरं झालं. तिळाच्या वडीला मात्र ती हात लावत नाही. लीलाही तीळ कधी चालायचे नाहीत, घशाला खाज सुटायची.

आईशी मी यावर कधी बोलले नाही, तिनेही विचारलं नाही. पण पुढच्याच वर्षी, लीच्या श्राद्धाला, देवघरात लीच्या फोटोपुढे आईने बशीभर तिळाच्या वड्या ठेवल्या. तेव्हापासून दर वर्षी ठेवते. संध्याकाळी ती बशी उतरवायला मला जाऊ देत नाही. एकदाच मी तिच्या आधी पोचले होते. वरच्या वडीचा घास तोडलेला होता. दातांच्या खुणा अगदी लहान होत्या, आणि मधे एका दाताची फट होती.