किल्ली काढल्यावरही

ऐकणाऱ्याला पटेल की नाही, कोण जाणे. पण हे घडलेलं आहे.

नारिन शहराच्या वरच्या डोंगरातली कोळशाची खाण. गेल्या हिवाळ्यातला एक दिवस. रात्र नव्हती. बर्फावर ऊन पडलेली स्वच्छ दुपार होती.

फिटर सादिरकुल बुलडोझरपाशी उभा होता. वर केबिनमध्ये त्याचा भाचा नुरदीन. पोराचा कामावरचा पहिलाच दिवस.

त्या बुलडोझरवर आधी आसेक होता.

चढावर राबलेलं इंजिन लगेच बंद करायचं नाही, वाटीभर चहा संपेपर्यंत मंद चालू ठेवायचं, ही तिथल्या जुन्या ड्रायव्हरांची रीत. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, तापून लाल झालेला असतो. इंजिन झटकन बंद केलं की त्याला ताजं तेल मिळत नाही. आत उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, आणि कधीतरी पंख्याचा दांडा तुटतो.

मुकादम मेदेतने ही रीत मोडली. "तुम्ही चहा पिता, मशीन डिझेल पितं. किल्ली फिरवा आणि उतरा!"

सादिरकुलने त्याला टर्बोचा दांडा बोटाने हलवून दाखवला होता. हवेच्या नळीत उतरलेलं तेलही दाखवलं होतं.

"उस्ताद, दात तर तुमचेही हलतात," मेदेत हसला. "तुम्हाला बदललं का आम्ही?"

आठवड्याच्या आत टर्बो गेला. इंजिन स्वतःचंच तेल ओढून पिसाळलं. किल्ली काढली तरी थांबेना. हवेची वाट कोंडायला आसेक अंगातला कोट काढून धावला...

इंजिन फुटलं.

चूक आसेकचीच ठरली.

आता इंजिन नवं होतं, टर्बो नवा होता. सादिरकुलने सगळं दोनदा तपासलं होतं. पाळी संपली, नुरदीनने किल्ली काढली.

इंजिन थांबलं नाही...

"उडी मार, नुरदीन!"

पण ते पिसाळलेलं नव्हतं. मंद, शांत चाललं होतं. टर्बोची शीळ हळूहळू उतरत गेली... आणि मग ते आपणहून थांबलं.

"मामा, मी काही नाही केलं हो." पोराचे दात वाजत होते.

मग रोज तेच. सादिरकुलने डिझेलची नळी सोडून पाहिली. तरी चाललं. डिझेल कमी होईना, तेल कमी होईना.

नुरदीन मात्र रोज जास्त गार होऊन उतरे.

"पोराला दुसऱ्या मशीनवर घाला," सादिरकुलने मेदेतला हात जोडले.

"वेड लागलं का उस्ताद? थेंबभर डिझेल न जाळता टर्बो गार होतोय! आसेक जिवंतपणी इतका कामाचा नव्हता."

आणि त्याने खाणीतली सगळीच मशीनं बंद करायचं काम नुरदीनला दिलं. त्याच्या हातात किल्ली आली, की तीही तशीच चालत राहतात...

गावात दुसरं काम नाही. नुरदीन नाही म्हणत नाही.

जून लागला तरी त्याचे हात बर्फासारखे आहेत. प्रत्येक इंजिन थांबेपर्यंत सादिरकुल शेजारी बसून त्याचं मनगट धरून ठेवतो. नाडी लागते. अजून तरी.

काल शेवटचं इंजिन जरा जास्तच वेळ चाललं...