जवळच्या माणसाचा लेख

माझी बायको मैराम गेली ही बातमी मला चार म्हाताऱ्यांनी सांगितली. मी तेव्हा आत-बाशीच्या गुरांच्या दवाखान्यात एका घोड्याचा खूर बघत होतो. चौघं आत आले, हात धुऊन घे म्हणाले, मला बाकावर बसवलं. आधी गवताची विचारपूस झाली, मग खिंडीतल्या रस्त्याची. मग त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलं, "तोक्तोसुन, हातावरचा ससाणा उडून गेला तर माणूस काय करतो?"

मी ससाणे पाळत नाही. पण कामाच्या वेळी चार म्हातारे एकत्र येतात ते ससाण्यांबद्दल बोलायला येत नाहीत, एवढं मला कळतं. मी विचारलं, "आई का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मी पुढे विचारलंच नाही. त्यांनी मला गाडीत घालून बिश्केकला नेलं. मैरामच्या डोक्यातली नस फुटली होती, ऑफिसात, टेबलापाशी बसल्या-बसल्या.

मला सजवून लिहिता येत नाही. मी आयुष्यभर मेंढ्यांच्या रोगांवर लिहिलं. त्यात 'आढळले', 'आढळले नाही' एवढं पुरतं. पण आमची गोष्ट हसत-हसत सुरू झाली होती, म्हणून मी ती तशीच सांगणार आहे.

मार्च महिना होता. पाऊस आणि बर्फ एकदम पडत होते. बिश्केकला, विज्ञान अकादमीच्या मागच्या गल्लीत एक माणूस तंदुरात सामसे, म्हणजे आमचे मटणाचे समोसे, भाजायचा. मी पोचलो तेव्हा दोनच उरले होते, आणि माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईने दोन्ही घेतले. हिरवा रुमाल, चष्म्याच्या काचांवर पाण्याचे थेंब. तिने माझ्या भिजलेल्या टोपीकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि एक सामसा माझ्या हातात दिला.

गरम खाल्लं की माझी जीभ सुटते. इकडे कशाला आलात असं तिने विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. आमच्या डोंगराळ नारीन भागातल्या मेंढ्या गाभडतात, त्या रोगावर मी लेख लिहिला होता. तो इथल्या एका संशोधन-पत्रिकेला पाठवला होता, जी कोणालाही फुकट वाचता येते. शरद ऋतूत माझ्या पदवीची परीक्षा-मंडळी बसणार होती. तोवर लेख छापून आला नाही तर पदवी लांबणार आणि संस्थेतली जागाही जाणार होती. आणि त्या पत्रिकेतली कोणी बाई मला पत्र पाठवून विचारत होती की लेखावर चार नावं आहेत, तर प्रत्येकाने नेमकं काय केलं ते कळवा.

"मग? पहिल्या नावाने काय केलं?" तिने विचारलं.

पहिलं नाव आमच्या संचालकांचं होतं. आमच्याकडे ते प्रत्येक लेखावर पहिलं असायचं. दारावर जशी पाटी असते, तसं. मी म्हणालो, "त्यांनी गाडीच्या कागदावर सही केली. पण ती बाई म्हणजे अगदी पोलीस…"

"थांबा," ती म्हणाली. "पुढे बोलू नका. ते पत्र मी लिहिलंय. तुम्ही आता काही बोललात तर माझ्या मनात राहील, आणि तुमच्या लेखाला ते बरं नाही."

मी तोंडातला घास तसाच गिळला. जीभ भाजली. ती हसली नाही, पण डोळे हसत होते. जाताना एवढंच म्हणाली, "सही केली, तर तेच लिहा ना. खोटं कशाला लिहायचं, मेंढ्यांचे डॉक्टर?"

संचालकांना हे सांगायला मी आठवडाभर धीर गोळा करत होतो. एसेनगुल मामबेतोविच वाईट माणूस नव्हता. कठीण दिवसांत कुठून कुठून डिझेल मिळवून त्याने आमच्या गाड्या डोंगरावर पाठवल्या होत्या. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की माझं नाव किती लेखांवर आहे ते मला माहीत आहे, पण त्यातले वाचलेले किती ते विचारू नकोस. मग त्याने आपलं नाव स्वतःच्या पेनाने खोडलं. लेखाच्या शेवटी गाडी दिल्याबद्दल आभार मानावेत, फक्त गाडीच्या अवस्थेबद्दल काही लिहू नये, एवढी विनंती केली.

पुढची पायरी म्हणजे तज्ज्ञांचा अभिप्राय. लेख दोन जाणकारांकडे जातो. लेखक कोण हे त्यांना कळू द्यायचं नसतं, आणि ते कोण हे लेखकाला. मला कळवण्यात आलं की ज्यावरून तुमची ओळख पटेल ते सगळं काढून लेख परत पाठवा. मी आज्ञाधारक माणूस. बसलो आणि काढलं. दोन दिवसांनी त्या हिरव्या रुमालवाल्या संपादिकेने, म्हणजे मैरामने, मला बोलावून घेतलं.

तिची खोली चौथ्या मजल्यावर, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. तिने चहा ओतला, माझा लेख समोर धरला आणि गंभीर आवाजात वाचायला लागली. "'एका देशातल्या एका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून काही उंचीवर, एका जातीच्या प्राण्यांना एक रोग झाला.'" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आटपाट नगर होतं का हो ते?"

मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ओळख काढा…"

"तुमची ओळख. मेंढीची नाही."

आणि मग ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, खुर्चीत मागे रेलून, आवाज न करता. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. चष्मा काढून पुसला, परत लावला, लेखाकडे पाहिलं, आणि पुन्हा हसू फुटलं. मीही हसलो. मला वाटतं त्या खोलीतून मी निघालो तेव्हा पूर्वीचा राहिलो नव्हतो, पण हे तपासून बघायला काही साधन नाही.

त्यानंतर माझी चौथ्या मजल्यावर बरीच कामं निघाली. तक्त्यातला एक आकडा दाखवायचा. संदर्भाचं साल विचारायचं. एकदा तर मी नुसता स्वल्पविराम घेऊन गेलो. ती म्हणाली, "हे ईमेलने चालतं, डॉक्टर."

"ईमेल कधीकधी उशिरा पोचतं."

"आणि तुम्ही नारीनहून वेळेत पोचता."

मी येताना कधी कुरुत आणायचो, ते वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. ती गोळा गालात धरून लेख वाचत बसायची आणि एका बाजूचा गाल फुगलेला असायचा. मला समोर बसू द्यायची, पण माझ्या लेखाबद्दल चकार शब्द काढायची नाही. तो अजून त्या दोन जाणकार परीक्षकांकडे जायचा होता. तिने दोघांची नावं मनात ठरवली होती, दोघंही लवकर वाचणारे होते, आणि मे संपायच्या आत निकाल लागेल असं पत्रिकेतले सगळेच म्हणत होते. माझं शरद ऋतूचं गणित जमत होतं.

मेमध्ये एका संध्याकाळी ती मला बुलेवारवर, त्या झाडांच्या रुंद रस्त्यावर, भेटली. ओकच्या झाडांना नवी पानं आली होती, आणि बारीक पाऊस होता. ती पानांखाली उभी राहिली. मी छत्री पुढे केली, तर ती छत्रीत आली नाही.

"तुमचा लेख मी आता बघणार नाही," ती म्हणाली. "ओश शहरातल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांकडे दिलाय. परीक्षक तेच निवडतील. ते… सावकाश काम करतात."

ओशचे प्रोफेसर किती सावकाश काम करतात हे सगळ्या देशाला माहीत होतं. मी रागावलो. विचारलं की माझी पदवी, माझी जागा, सगळं त्यावर अडलंय हे तुम्हाला माहीत आहे ना? माझं काही चुकलं का? ती म्हणाली, तुमचं काही चुकलेलं नाही, तो नियम आहे. जवळच्या माणसाचा लेख संपादकाने हाताळू नये.

"आपण कुठे जवळचे?" मी म्हणालो. "ना नातं, ना गाव…"

ती चष्मा काढून रुमालाने पुसत राहिली. पाऊस पडत असताना चष्मा पुसून काय उपयोग, हे मला तेव्हासुद्धा दिसलं.

"संपादक मंडळाला कारण लिहून द्यावं लागतं," ती म्हणाली. "आज दुपारी दिलं. खरं तर आधी तुम्हाला सांगायला हवं होतं… पण आधी त्यांना सांगावं लागलं. याचं वाईट वाटतंय."

"काय लिहिलंत?"

"लिहिलं की… लेखकाबद्दल माझं मन तटस्थ राहिलेलं नाही."

मी छत्री मिटली. का मिटली ते विचारू नका. तीही भिजत होती, मग मीही भिजलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"आटपाट नगरापासून."

"पण मग, मैराम, हे तुम्ही मेनंतर नसतं का सांगता आलं? लेख छापून आल्यावर?"

"आलं असतं," ती म्हणाली. "मग तुम्ही आयुष्यभर म्हणाला असतात की लेख चांगला होता. आणि मला कधीच कळलं नसतं की होता का."

तो चांगला नव्हता. प्रोफेसरांनी शरद ऋतू उलटून जाईपर्यंत वेळ घेतला, पण परीक्षक जाणकार निवडले होते. त्यांपैकी एकाने एकच प्रश्न विचारला. या मेंढ्यांना आधी लस टोचली होती का? लस टोचलेल्या मेंढीचं रक्त त्या तपासणीत आजारी मेंढीसारखंच दिसतं. मी गावोगाव जाऊन विचारलं. अर्ध्याअधिक कळपांना टोचली होती. माझा लेख तसाच छापून आला असता तर त्याच्या भरवशावर मेंढपाळांनी धडधाकट मेंढ्या कापल्या असत्या. ती पत्रिका तालुक्यांतले सगळे गुरांचे डॉक्टर वाचायचे, फुकट होती म्हणून, आणि खरी होती म्हणून.

माझी जागा मात्र गेली. मी आत-बाशीच्या दवाखान्यात लागलो, एक हिवाळा परत रक्त तपासत बसलो, दुसऱ्या पद्धतीने. मैराम मिनीबसने यायची, खिंड उघडी असेल तेव्हा. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून द्यायची, पण कुठली बाटली कुठल्या गावची हे विचारायची नाही. माझी आई म्हणाली, ही मुलगी एवढ्या लांबून येते आणि कामाचं काही विचारत नाही, म्हणजे नक्की लग्नासाठी येते. आईला संशोधन कळत नव्हतं, तरी निष्कर्ष बरोबर काढला.

लेख दुसऱ्या वर्षी आला. लेखकांची नावं तीन, आणि शेवटी गाडीबद्दल आभार. त्याच महिन्यात आमचं लग्न झालं. त्या पत्रिकेतला माझा तो पहिला लेख, आणि तोच शेवटचा. संपादिकेच्या नवऱ्याने तिथे लिहायचं नाही आणि दुसऱ्यांचे लेखही तपासायचे नाहीत, हे तिने लग्नाआधीच स्पष्ट केलं होतं.

"या देशात मेंढ्यांवर लिहायला एकच धड जागा आहे," मी कुरकुर करायचो, "आणि तिथल्या पहारेकरणीशीच मी लग्न केलं."

"मग सोड मला. लेख तरी छापून येतील."

"मेंढ्यांचं काय, त्या थांबतील."

जेवताना मी माझ्या एखाद्या लेखाबद्दल बोलायला लागलो की ती उठून रेडिओचा आवाज वाढवायची. एकदा बाहेरच्या एका कंपनीने पत्रिका विकत मागितली. पैसे भरा, तीन दिवसांत छापू, असा त्यांचा धंदा. ती त्यांच्याशी फोनवर फार गोड बोलली, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "उद्या यांच्याकडे तू तुझं आटपाट नगर पाठव. जसंच्या तसं छापतील."

आम्हाला मूल झालं नाही. सहलीला गेलो ते इसिक-कुल सरोवराला, दरवर्षी. तिथेही ती लेख घेऊन जायची. वाळूवर पालथी पडून वाचायची, गालात कुरुत. मी शेजारी बसून पाण्याकडे बघायचो. आमच्या संसारातलं सांगण्यासारखं बहुतेक सगळं असंच आहे.

आता पत्रिका चोल्पोन बघते. मैरामच्या हाताखाली तयार झालेली मुलगी आहे. मैरामच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर काही दिवसांनी तिने मला लिहिलं. फार जपून लिहिलं होतं, आमच्याकडे गुरुजींना म्हणतात तसं 'आगाय' म्हणून. 'आगाय, कोकरांवरचा एक लेख आलाय. तो तपासू शकेल असं या भागात तुमच्याइतकं कोणी नाही. आता आम्हाला तुम्हाला विचारता येईल असं वाटतं.' त्या 'आता'पाशी मी थांबलो. तिचा काही दोष नाही. नियम तिने बरोबर लावला. मी कळवलं, पाठव.

लेख आलाय. लेखकाचं नाव काढलेलं आहे, गावांची नावं आणि उंचीचे आकडे जागच्या जागी आहेत. कोणी तरुण असावा. घाईत लिहिलंय, म्हणजे त्याचीही कुठे तरी परीक्षा-मंडळी बसणार असेल. पहिलं पान मी वाचलं. काम बरं दिसतं. पण लस टोचली होती की नाही ते पहिल्या पानावर नाही. पुढची पानं वाचायची आहेत. अभिप्राय अजून लिहिलेला नाही.