चौथ्या गुरुवारचा जेट

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, डिचोलीच्या बाजारात एक जीप आली. तिचा चालक खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघत होता, कारण समोरच्या काचेतून बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाळीच्या खाणीवरून उतरणाऱ्या ट्रकांनी उडवलेला तांबडा चिखल काचेवर असा बसला होता, जसा नुकताच कुणी अंगणाला गेरू दिलाय.

सदाशिवांच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर जीप थांबली. उतरलेला तरुण उजव्या गालानं तांबडा होता आणि डाव्या गालानं चांगला उजळ.

काउंटरवर सदाशिवांची लेक कमलाक्षी बसली होती. सकाळपासून पोटात फक्त पाणी. समोर पितळेच्या ताटलीत संध्याकाळच्या पूजेची फुलं. तिला हसू आलं, पण उपासाच्या दिवशी कुणाला हसू नये म्हणून तिनं ते फुलांकडे बघत गिळलं.

"काय हवं?"

"वॉशरचा जेट. काचेवर पाणी मारतो तो... मोडला." त्यानं मूठ उघडली. तळहातावर काळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे.

"कसा मोडला?"

"पाणी येईना. म्हणून तारेनं टोचला."

"मग तो मोडला नाही. तुम्ही मोडलात."

तरुणानं तिच्याकडे नीट बघितलं. "बाय, तुम्ही पार्ट विकता की निवाडा देता?"

"दोन्ही. निवाडा फुकट." तिनं फळीवरून नवा जेट काढून समोर ठेवला.

"हा ओरिजिनल आहे ना?"

दुकानाच्या आतल्या बाजूला सदाशिवांनी कपाळाला हात लावला. त्यांना पुढचं ठाऊक होतं.

"नाही," कमलाक्षी म्हणाली. "कंपनीचा नाही, बाहेरचा माल आहे. पण टिकेल... टोचला नाहीत तर."

गोष्ट अशी होती. सोळाव्या वर्षी कमलाक्षीनं देवीपुढे एक नेम धरला होता. गुरुवारी आंघोळ झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत खोटं बोलायचं नाही. दहा वर्षांत एकदाही मोडला नाही. नेम घेताना तिला कुठं माहीत होतं, की पुढं आपण स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसणार आहोत! आता तर खाणीवरचे ड्रायव्हर मुद्दाम गुरुवारी यायचे, दुसऱ्या दुकानातून घेतलेले पार्टसुद्धा तिच्यापुढे ठेवून विचारायचे, "बाय, हो पार्ट असली काय नकली?" सदाशिव म्हणायचे, "सहा दिवस दुकान मी चालवतो. सातव्या दिवशी माझी लेक ते बंद पाडते." पण म्हणताना आवाजात थोडा अभिमान असायचाच.

समोरचा मेस्त्री जेवायला गेला होता. कमलाक्षीनंच पदर खोचला, बॉनेट उचललं, जुन्या जेटचा उरलेला बुडखा खालून दाबून काढला, नवा बसवला आणि त्याला रबरी नळी जोडली. तरुण कौतुकानं बघत राहिला.

"आत बसा. बटण दाबा. हळूच हं."

त्यानं हळूच दाबलं नाही.

पाण्याची बारीक धार काचेवर न जाता सरळ कमलाक्षीच्या कपाळावर आली, तिथून नाकावर, तिथून ओठांवर. डिसेंबरचं निरभ्र आकाश, आणि ती एकटीच पावसात! तिनं डोळे मिटले. आणि... तिला तुळशीचा वास आला. तुळशीचा, आणि किंचित कापराचा.

'उपासानं डोकं हलकं झालंय,' ती मनाशी म्हणाली. पण छातीत धडधडत होतं, ते काही उपासानं नव्हे.

तो उडी मारून खाली आला. "माफ करा, माफ करा..." त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला. रुमाल त्याच्या गालापेक्षा तांबडा होता.

"यानं पुसलं, तर मीही खाणीवरची दिसेन."

"मग काय वाईट? मी आहेच की तिथं." तो बोलून गेला आणि कानापर्यंत तांबडा झाला. आता दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या.

त्याचं नाव कृष्णनाथ. आमोण्याचा. घरी शेती आणि आई-वडील, आणि हा पाळीच्या खाणीवर मोजणीचं काम करायचा. खाणीच्या खाचखळग्यांतून वरखाली करायला ही जुनी फोर व्हील जीप.

दुसऱ्या गुरुवारी, तीन वाजता, जीप पुन्हा आली. पुन्हा खिडकीतून मान, पुन्हा अर्धा गाल तांबडा, पुन्हा हातात दोन तुकडे.

"टोचला?"

"टोचला," तो खालमानेनं म्हणाला. "पाणीच येईना हो!"

तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर फिल्टर घेऊन आला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. कमलाक्षीनं नेहमीसारखंच खरं उत्तर दिलं. कृष्णनाथ काउंटरला टेकून ऐकत होता.

"गुरुवारी तुम्ही खरंच खोटं बोलत नाही?"

"नाही."

"काहीही विचारलं तरी?"

"गप्प बसता येतं," ती म्हणाली. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे, हा करार तिनं देवीशी पहिल्याच वर्षी करून घेतला होता.

शेजारी फुलं विकणारी सुशीला सगळं बघत होती. जीप गेल्यावर म्हणाली, "अगो, बाजारात सगळी म्हणतात, हो जीपवालो मुद्दाम जेट मोडता. बिरेस्ताराक दुकान, बिरेस्ताराक जीप! तुका आवडता काय गो तो?"

गुरुवार होता. सुशीलेच्या भाषेतला बिरेस्तार. कमलाक्षी गप्प बसली, आणि फुलांच्या पाकळ्या मोजू लागली. सुशीलेला उत्तर मिळालं.

तो पूर्ण आठवडा कमलाक्षीनं हवेत काढला. मुद्दाम मोडतो! माझ्यासाठी! सकाळी जप करताना तिसऱ्या माळेला तिला जीपचा आवाज आल्यासारखा वाटायचा, मग ती देवीची क्षमा मागून पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची. जप रोज लांबत गेला. सदाशिवांना वाटलं, लेकीची भक्ती वाढली.

पण तिसऱ्या गुरुवारी सकाळीच ते म्हणाले, "कमू, फोंड्याचं स्थळ आलंय. मुलगा सरकारी नोकरीत, घर देवळाच्या शेजारी. तुझ्यासारखीला आणखी काय हवं? पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला त्यांचा फोन येईल. त्याआधी तू काय ते सांग. तुझ्या मनाविरुद्ध नको, पण नुसतं गप्प बसलीस तर मी होकार धरीन."

म्हणून त्या दिवशी कृष्णनाथनं काउंटरवर तुकडे ठेवले तेव्हा तिनं धीर करून विचारलंच. हळू आवाजात, नजर खाली.

"खरं सांगा... तुम्ही हे मुद्दाम मोडता ना?"

"मी?" तो दचकला. "देवाशपथ नाही! कशाला मोडीन मुद्दाम? मागच्या खेपेला तर काचेतून दिसेना म्हणून नदीतल्या बार्जला द्यायच्या खनिजाच्या ढिगावर गाडी चढवली मी!"

तो इतकं खरं बोलत होता, की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"मग टाकी काढा," ती जरा रागानंच म्हणाली. "दर आठवड्याला जेट मोडतो, म्हणजे खोट जेटात नाही."

पाण्याची पांढरी टाकी निघाली. तिनं ती लोखंडी ट्रेमध्ये उपडी केली. पाणी पडलं, आणि पाण्यामागून पडली ती तुळशीची पानं. काही काळी पडलेली, काही कुजलेली, काही ताजी. मग अक्षता. मग शेवंतीची एक पाकळी, आणि कापराची एक वडी, झिजून गोल झालेली.

कृष्णनाथनं एक पान चिमटीत धरून उचललं.

"आई!" कृष्णनाथ कळवळून म्हणाला. "आईनं एकदा मला त्यात पाणी भरताना पाहिलं. गुरुवारी पहाटे ती देवळातून तीर्थ आणते. म्हणाली होती, खाणीचा रस्ता वाईट, गाडीलाही तीर्थ द्यायला हवं. मला वाटलं, चाकावर शिंपडते!"

कमलाक्षी हसली. काउंटरला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीर्थ! म्हणजे पहिल्या गुरुवारी तिच्या ओठांवर पडलं ते तीर्थच होतं. तुळशीचा वास तिच्या डोक्यातला नव्हता.

मग हसू ओसरलं. तुळशीचा वास खरा होता, म्हणजे जेटही खरेच मोडले होते. तो आला होता जेटसाठी. फक्त जेटसाठी.

तिनं टाकी तीनदा धुतली, नळीत फुंकर मारली, नवा जेट बसवला. आता काही न बोलता टाकी तशीच दिली असती, तर पुढच्या गुरुवारी जीप आलीच असती. पण गिऱ्हाइकानं विचारलं, "आता टिकेल ना?" आणि गुरुवार होता.

"आईंना सांगा, टाकीत साधं पाणी घालायचं. मग वर्षभर इथं यावं लागणार नाही."

"वर्षभर?" तो उगीच जेटकडे बघत म्हणाला. "अस्सं..."

आतून सदाशिव ओरडले, "कमू, लवकर आटप! फोंड्याच्या लोकांना तुझा फोटो पाठवायचाय!"

कृष्णनाथ काहीतरी बोलणार होता. पण त्यानं नुसते पैसे मोजून ठेवले. जीप गेली. काच स्वच्छ होती आणि त्याची मान या खेपेला आत होती.

चौथा गुरुवार उजाडला. उद्यापनाचा. कमलाक्षीनं दुकानाच्या आतल्या कोनाड्यात कलश मांडला, पाच फळं ठेवली. तीन वाजले. चार वाजले. तिनं देवीला काही मागितलं नाही. आपल्याला हवं म्हणून कुणाची गाडी बिघडू दे, असं कसं मागायचं? ती नुसती हात जोडून बसली.

संध्याकाळचा पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन गेला. सदाशिव फोनपाशी येऊन बसले.

"कमू, काय ठरवलंस?"

ती कलशावरची फुलं सारखी करू लागली.

तेवढ्यात सुशीला बाहेरून ओरडली, "आयली गो जीप!"

काच पार तांबडी. खिडकीतून बाहेर मान. कृष्णनाथ उतरला, तर अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, केस विंचरलेले, आणि सदऱ्याचा उजवा खांदा, उजवा गाल पुन्हा गेरूचा.

त्यानं काउंटरवर तुकडे ठेवले. कमलाक्षीनं ते उजेडात धरले. काउंटरवरच्या सहा वर्षांत तिनं शेकडो मोडके पार्ट पाहिले होते. उन्हानं तडकलेलं प्लास्टिक वेगळं, टोचून फाटलेलं वेगळं. हे दोन्हीही नव्हतं.

"टाकीत तुळस होती?"

"नाही. साधं पाणी."

"तार घातलीत?"

"नाही."

"मग... इथं पक्कडीचे दात उमटलेत."

"हो," कृष्णनाथ म्हणाला. "दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मोडला. मजबूत माल होता, तुमचं खरं होतं."

"मुद्दाम मोडलात?"

"मुद्दाम. मागच्या तीन वेळा नाही, याच वेळी." त्यानं एक श्वास घेतला. "काम नसताना स्पेअर पार्टच्या दुकानात यायचं कसं, ते मला कळेना. सोमवारपासून विचार करतोय. आणि यायचं तर गुरुवारीच... दिवे लागायच्या आत. कारण मला पार्ट नकोय, उत्तर हवंय. तुला... तुम्हाला मी चालेन?"

सदाशिव फोनवरचा हात काढायला विसरले. सुशीलेच्या हातातला गजरा अर्धाच राहिला.

"गप्प बसायचं नाही हं," तो घाईनं म्हणाला. "करार ठाऊक आहे मला."

कमलाक्षीनं तुकडे खाली ठेवले. ओठांच्या कडेला हसू आलं, ते तिनं आज गिळलं नाही.

"आधी तुम्ही सांगा... अस्सल की नकली?"

"अस्सल. खाणीवर वापरलेला, थोडा धुवावा लागेल. पण टिकेल." त्यानं डोळे बारीक केले. "टोचला नाहीत तर."

"मी टोचणार," ती हळूच म्हणाली. "आज खोटं बोलता येत नाही... म्हणून आधीच सांगते."

"म्हणजे... हो?"

"हो."

फोन वाजला.

सदाशिवांनी फोनकडे पाहिलं, मग लेकीकडे. "फोंड्याला काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा, बाबा. नम्रपणे. तो मुलगा चांगला आहे... पण मी दुसऱ्याची आहे."

"हे उद्या विचारायला हवं होतं," सदाशिव पुटपुटले आणि त्यांनी रिसीव्हर उचलला. बोलताना मात्र त्यांचा आवाज त्यांना हवा तेवढा दुःखी होईना.

इतक्यात जीपमधून बाईचा आवाज आला. "रे कृष्णा! जालें काय ना? म्हाका या काचेंतल्यान कायच दिसना!"

"अरे देवा, आई!" कृष्णनाथ धावला. "आईलाच घेऊन आलो होतो. तिला म्हटलं होतं, हो म्हणाली तर हाक मारतो."

"अन् मी नाही म्हणाले असते तर?"

"तर मुकाट्यानं जेट घेऊन गेलो असतो."

कमलाक्षीनं पदर खोचला. बॉनेट उचललं, बुडखा काढला, नवा जेट बसवला, टाचणीनं त्याचं तोंड काचेकडे वळवलं. या खेपेला ती बाजूला उभी राहिली.

"हळूच," ती म्हणाली.

त्यानं अगदी हळूच बटण दाबलं. दोन धारा उडाल्या, काचेवरून तांबडे ओघळ वाहिले. वायपर एकदा गेला, दोनदा गेला, आणि अर्धचंद्राएवढ्या स्वच्छ काचेत एक प्रसन्न चेहरा दिसू लागला. कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी, आणि मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला तांब्या. कृष्णनाथच्या आई, वत्सलाबाई, आमोण्याहून इथवर एक थेंबही न सांडता आल्या होत्या.

कृष्णनाथनं त्यांना हात देऊन उतरवलं. त्यांनी कमलाक्षीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हातांना ग्रीस, डोक्यात शेवंती.

"तूच काय गो ती? माझं तीर्थ ट्रेमध्ये ओतणारी?"

कमलाक्षीची मान खाली गेली. "हो."

"आयज बिरेस्तार, म्हणून खरें सांगलें," सुशीलेनं मागून पुस्ती जोडली.

वत्सलाबाईंनी मुलाकडे बघून सुस्कारा टाकला. "हा म्हणतो, आई, गाडीत घालू नको. सवय लागली गो बाय, दर गुरुवारी थोडं जास्तच आणते. आता हे उरलेलं मी देऊ कुणाला?"

देवीपुढची समई सदाशिवांनी नुकतीच लावली होती. कमलाक्षीनं ग्रीसचे हात धुतले, पदराला पुसले, आणि उजवा तळहात खोलगट करून वत्सलाबाईंपुढे धरला.