कप्तानाची मांजर

"बाई, माझा भाऊ समुद्रातून परत आला. पण तो माझाच आहे ना, तेवढं पाहून द्या."

हिंदी मुलखातल्या या शहरात, सदर बाजारात राहणाऱ्या प्रेमलाबाई सुनीतीकडे आल्या होत्या. शंकर 'सिंधुराणी'वर खलाशी होता. आफ्रिकेच्या फेऱ्या मारून मोडकळीला आलेलं ते प्रवासी जहाज चाळीस वर्षांपूर्वी वादळात बुडालं आणि शंकरचं प्रेतही हाती लागलं नाही. म्हणून बाईंनी ना सुतक धरलं, ना कधी घर विकू दिलं. शंकर आला तर जाईल कुठे!

"मी पोचवायले मुंबईले गेली होती," त्या म्हणाल्या. "जहाज सुटलं, अन् कप्तानाची मांजर गोदीतच राह्यली. तेव्हाच काळजात चर्र झालं. घरात साऱ्यांले हेच सांगत आली."

सुनीती गुप्तहेर, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले श्यामकांत तिचे सोबती. दोघं प्रेमलाबाईंच्या घरी पोचले.

दाढीवाला शंकर ओसरीवर होता. "कप्तान शेवटपर्यंत मांजरीले मांडीवर घेऊन बसला होता, ताई. तसंच जहाज खाली गेलं."

प्रेमलाबाईंनी चमकून सुनीतीकडे पाहिलं. श्यामकांतना मात्र गलबलून आलं. एवढं खोटं कोण बोलेल?

नातसून ऋता मुंबईच्या माझगावची. "गोदीचा भोंगा ऐकत वाढले मी. पण या पाहुण्याशी धड बोललेही नाही."

इथेच हिंदीत वाढलेल्या नातू विशालला पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान टाकायचं होतं. "दादाजी मिल गए, दीदी. अब आजी मकान बेचने देंगी."

सुनीतीनं सगळ्यांना बसवलं. "हा शंकर नाही. मांजर जहाजावर नव्हतीच."

"वय झालं हो, विसरला असेल!" श्यामकांत म्हणाले.

"विसरणाऱ्याला काहीच आठवलं नसतं. याला मांडी आठवली. मराठीत गोदी म्हणजे जहाजाचा धक्का, हिंदीत मांडी. आजीची गोष्ट हिंदी कानानं ऐकणाऱ्यानं याला 'गोदी में' म्हणून पढवलं, यानं त्याची पुन्हा मराठी केली. ऋता गोदीपाशी वाढली, ती चुकणार नाही. उरला कोण?"

विशाल ताडकन उठला. "वो मर चुका है, आजी! कब का मर चुका है! उसके लिए हम यहीं सड़ते रहें?"

दाढीवाल्यानं मान खाली घातली.

प्रेमलाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"ऋता, पाणी तापव पोरी. भाऊ गेल्याची खबर आज कानावर आली. अंघोळ करा लागते."