बाकाखालचं गाठोडं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडली. मी तिथे होते. जे मी स्वतः पाहिलं नाही, ते कुणी सांगितलं हेही लिहीन.

मी रसायनशास्त्र शिकले आहे. प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची खोड आहे मला. यात ज्याचं कारण सापडलं, ते मी देणार आहे.

जिथे सापडलं नाही, तिथे गप्प बसणार आहे.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबर नुकता लागला होता. जागा म्हणजे पोर्ट ह्युरॉनच्या मोठ्या पुलाखालचा नदीकाठ. या बाजूला अमेरिका, त्या बाजूला कॅनडा. मध्ये निळंहिरवं, वेगानं धावणारं पाणी.

माझा भाऊ लेंगदादा आपलं बिऱ्हाड घेऊन डेट्रॉइटहून कॅनडात किचनरला राहायला निघाला होता. हुआवहिनीचं माहेर तिथलं. दादाला तिथे कारखान्यात कामही मिळालं होतं. सोबत चार वर्षांची शेंग आणि तान्हा फोंग. घर लावून द्यायला म्हणून मी, पाकू, त्यांची आत्या.

सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला होता.

निघताना आईनं दार सताड उघडं ठेवलं आणि उदबत्ती लावली. शेंगच्या रोजच्या पिवळ्या सदऱ्यात मूठभर भात आणि एक उकडलेलं अंडं ठेवून गाठ मारली. मग बाहेर तोंड करून ती म्हणायला लागली.

"शेंग, चल गं पोरी. इथे राहू नकोस. रस्त्यात थांबू नकोस, पाण्याशी थांबू नकोस. आईबापाबरोबर चल."

आम्ही ह्माँग, मूळचे लाओसच्या डोंगरातले. घर सोडताना लेकराचा जीव असा हाक मारून बरोबर घ्यावा लागतो. तो त्याच्या कपड्यावर बसून येतो. नव्या उंबऱ्यावर लेकरानं ते अंडं खाल्लं, की जीव घरात आला.

दादा गाडीत पेट्या कोंबत होता.

"आई, किचनर म्हणजे काय चंद्र आहे? तीन-चार तासांचा रस्ता."

"रस्ता कितीही असू दे. मध्ये नदी आहे."

"नदीवर पूल आहे."

"आमच्या वेळी नव्हता," आई म्हणाली.

दादानं पुढची पेटी उचलली. आम्हा दोघांना ती गोष्ट पाठ होती. लाओस सोडून पळताना आईच्या घरच्यांनी बांबूच्या तराफ्यावर मेकाँग ओलांडली. आई तेव्हा लहान होती, तिची धाकटी बहीण यर तिच्याहून लहान. पोरीनं रडू नये म्हणून तिच्या मुठीत भाताचा गोळा दिला होता. तिच्या सदऱ्याचं गाठोडं पाण्यात पडलं. यर जिवंत पोचली, पण नंतर ती बोलली नाही, जेवली नाही. मूठसुद्धा उघडली नाही. निर्वासितांच्या छावणीतच गेली.

त्यानंतर आईनं नदी ओलांडायची नाही असं ठरवलं होतं. विमानाची गोष्ट वेगळी, असं म्हणायची.

गाठोडं तिनं वहिनीच्या मांडीवर ठेवलं. "हे खाली ठेवायचं नाही हं, सूनबाई."

"नाही ठेवत, आई."

दिवस कलायला आला तेव्हा आम्ही पुलाखाली थांबलो. शेंगला शू लागली होती. गाठोडं पुढच्या सीटवर ठेवून वहिनी तिला घेऊन गेली. मी मागच्या सीटवर फोंगला बाटली पाजत होते. दादा बाहेर फिरत होता.

मग सगळे बसले आणि गाडी पुलावर चढली.

शेंग गात होती. गाणं तिचं तिनंच रचलेलं, आमच्या भाषेत. डेट्रॉइटपासून आमचं डोकं उठवलं होतं तिनं.

"पहिली बोट गेली, भात घेऊन आली... दुसरी बोट गेली, मासा घेऊन आली..."

"तिसरीतून एखादं कुलूप आण," दादा म्हणाला, "तुझ्या तोंडाला लावायला."

शेंग खिदळली. खाली एक लांबलचक मालवाहू जहाज चाललं होतं.

"तिसरी बोट गेली..."

आणि ती थांबली.

मला वाटलं, यमक शोधत असेल.

पूल उतरलो तरी ती गप्पच होती. चौकीवरच्या अधिकाऱ्यानं काच खाली करायला लावली. "आणि या बाईसाहेबांचं नाव काय?"

शेंग त्याच्याकडे बघत राहिली. डोळे उघडे... पण आत कुणी नसल्यासारखे.

"लाजते," वहिनी म्हणाली.

अधिकारी हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं. अंड्याबिंड्याचं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

रात्री आईचा फोन आला. "अंडं खाल्लं का गं तिनं?"

वहिनीनं दादाकडे पाहिलं. "खाल्लं," दादा म्हणाला. गाठोडं आपण डिकीत ठेवलं होतं आणि शेंगला आपल्या हातानं भरवलं, असं त्यानं वहिनीलाही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक आवाज कमी होता.

नवं घर लाकडी. जिन्याची तिसरी पायरी करकरायची. माझ्या पायाखाली, वहिनीच्या पायाखाली, मांजर चढलं तरी.

शेंग चढली की... काहीच नाही.

चार वर्षांच्या पोरीचं वजन ते किती, असं मी मनाला सांगितलं. मग आठवलं, मांजराचं त्याहून कमी.

ती बोलत नव्हती. घास तोंडात तसाच धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की मुलं अशी बावरतात, वाट बघा. मलाही ते पटलं होतं.

फोंगचं मात्र पटेना. ताई दिसली की हातपाय झाडणारं पोर ते. आता ती पाळण्यावर वाकली तरी तो तिच्यातून पलीकडे बघायचा. जणू पाळण्याजवळ कुणी आलंच नाही.

एका सकाळी आम्ही अंगणात उभे होतो. कडाक्याची थंडी होती. दादाच्या तोंडातून वाफ निघत होती. वहिनीच्याही, माझ्याही. फोंगच्या चिमुकल्या नाकातूनसुद्धा.

शेंगच्या तोंडातून... नाही.

श्वास उथळ असेल. वारं उलट असेल. मी खाली बसले आणि माझ्या चष्म्याची काच तिच्या ओठांपुढे धरली.

काच स्वच्छ राहिली.

तिची छाती हलत होती. नाडी लागत होती. पण काच स्वच्छ.

याचं कारण मला आजही माहीत नाही.

त्याच दुपारी मी आईला व्हिडिओवर शेंग दाखवली. आई तिच्याकडे बघतच राहिली. मग दादाला म्हणाली, "लेंग, अंडं सोललं तेव्हा गुळगुळीत होतं का खड्डे होते?"

"गुळगुळीत."

"कवच कुणी सोललं? तू?"

"हो... म्हणजे..."

"माझ्याकडे बघून सांग."

दादानं नजर फोनवरून काढली. "आई, मी ते आणलंच नाही. चौकीवर अंडी, मांस विचारतात असं कुणीतरी म्हणालं होतं. उदबत्तीचा वास, सदऱ्यात भात... त्यांना काय सांगणार होतो मी? परत पाठवलं असतं तर? पुलाखाली एक बाक आहे. त्याच्याखाली ठेवलं."

वहिनी किंचाळली नाही. तिनं फक्त हातातला चमचा खाली ठेवला.

"एका अंड्यासाठी?" ती म्हणाली. "मला म्हणालास, तू भरवलंस. अरे, पोरगी विझत चाललीय आपली!"

आईचा आवाज अगदी शांत होता. "यर महिनाभर तगली होती. रडायला वेळ नाही. उजेड आहे तोवर निघा. मी न्हियाला पुढे पाठवते."

न्हियामामा त्या पुलाखाली नेहमी मासे धरायला जायचा. वहिनीला मुलांपाशी ठेवून मी आणि दादा पोचलो तेव्हा तो बाकापासून दूर उभा होता. गळ हातात, टोपी कानांवर.

"ये रे, शहाण्या," तो दादाला म्हणाला. "मासा विसरला असतास तर समजलो असतो. पोरगी विसरलास?"

"मामा, आत्ता नको."

"आहे तिथेच. मी हात लावलेला नाही." मग हळूच म्हणाला, "दोन तास उभा आहे. एक मासा लागला नाही. असं इथे कधी होत नाही."

गाठोडं बाकाखाली होतं. आठवडाभर पाऊस झाला होता, बर्फही भुरभुरलं होतं.

सदरा कोरडा होता.

गाठ आईचीच होती, आखूड टोकाची. कुणी सोडलेली नव्हती. मी ते उचललं...

आणि थांबले.

ते हलकं होतं. मी वरून चाचपलं. भाताचं काहीच हाताला लागेना. अंडं होतं. कवच अख्खं, पण फुंकर मारली तर उडेल असं.

अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी उडून जातं. हे मला माहीत आहे. पण इतक्या दिवसांत, इतकं नाही.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काही नाही. हाक मार."

तो पाण्याकडे तोंड करून ओरडला. "शेंग! चल गं बाळा. बाबा चुकला. चल, घरी चल."

वारा पडला.

आम्ही गाडीत बसलो. गाठोडं माझ्या मांडीवर. मागची सीट रिकामी. शेंगची गाडीतली खुर्चीही काढलेली होती. दादानं किल्ली फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ती घंटी वाजते. सीटखाली वजन ओळखणारा तुकडा असतो. दमट हवेत तो बिघडू शकतो. बिघडतोही.

दादा रडायला लागला. "आली, पाकू. आली माझी पोर."

तो उतरला, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावला.

घंटी थांबली.

घराचं दार आम्ही उघडलं, आणि जिना करकरला.

शेंग धावत खाली आली. "बाबा, भूक लागलीय!" दारातल्या गार हवेत तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. वहिनीनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडली.

मी आईला फोनवर गाठोडं सोडून दाखवलं. सदऱ्यात भाताचं एक शीत नव्हतं. अंड्याला कुठे तडा नव्हता. मी ते टेबलाच्या कडेवर फोडलं.

आत काहीच नव्हतं. पोकळ, कोरडं, पांढरं.

"आई, हे कुणी खाल्लं?"

आई माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे शेंग जेवत होती, तिकडे बघत होती. शेंगनं वाडगा संपवला. शेवटच्या भाताचा गोळा केला... पण तोंडात घातला नाही. मुठीत धरला. मूठ मिटली आणि पोटाशी लपवली.

शेंगनं असं कधीच केलं नव्हतं.

आई फोनच्या अगदी जवळ वाकली. मग ती म्हणाली, "जेवतेय ना? जेवू दे तिला. पोटभर जेवू दे. कुणी काही विचारू नका."

पुढच्याच आठवड्यात आई किचनरला आली. गाडीनं. पुलावरून. नदी ओलांडून.

ती अजून तिथेच राहते. शेंगला मांडीवर घेऊन भरवते. पोरगी छान आहे. शाळेत जाते, हसते, भांडते, फोंगचे केस ओढते. फक्त "शेंग" म्हणून हाक मारली की पहिल्यांदा वळत नाही. दुसऱ्यांदा वळते.

न्हियामामाचा फोन मला त्याच महिन्याच्या शेवटी आला होता.

"पाकू, तुम्ही पोरीला घेऊन परत आला होतात का इकडे?"

"नाही मामा. का?"

"काही नाही." मग म्हणाला, "संध्याकाळी बाकापाशी कुणीतरी गातं. आपल्या भाषेत. लहान पोर. एकच ओळ. तिसरी बोट गेली... तिसरी बोट गेली... पुढे सरकतच नाही. मी काही ओ देत नाही बाबा. मी आता मासे धरायला दुसरीकडे जातो."

त्याला ते गाणं माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते फक्त आम्ही गाडीतल्यांनी ऐकलं होतं.

नंतर किचनरला गेले तेव्हा मी शेंगला जवळ घेतलं आणि गुणगुणले, "पहिली बोट गेली, भात घेऊन आली..."

तिनं लक्ष देऊन ऐकलं. "छान आहे. कुणाचं गाणं आहे हे, आत्या?"

दारात आई उभी होती. मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "आई, आपण कुणाला आणलं?"

ती तांदूळ धूत राहिली. "भुकेलं लेकरू होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं पाण्याशी बसलेलं. पाणी सगळीकडे एकच असतं."

"आणि आपली शेंग?"

"तिला आणलं, तर हिनं जायचं कुठे?"

हे मी दादाला सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच. ती रोज रात्री दोन्ही मुलांच्या तोंडाजवळ हात धरून श्वास बघते आणि मग झोपते.

दादाची ती जुनी गाडी आता माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात किचनरला जाताना मी पुलाखाली थांबले. उतरले नाही. हाक मारली नाही. फक्त किल्ली फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

तो सीटखालचा तुकडा मी दोनदा बदलून घेतला आहे.

मागे वळून पट्टा लावायला हात पुढे केला. लावला असता, तर ती घरी आली असती. पण घरात शेंगचं एकच शरीर आहे, आणि त्यात कुणीतरी झोपलेलं असतं, मूठ मिटून.

मी हात मागे घेतला आणि गाडी पुलावर घातली.

घंटी वाजत राहिली.

पुलाच्या मध्यावर, जिथे गाणं तुटलं होतं तिथे, ती आपोआप थांबली.

मी आरशात पाहिलं नाही.