बाणाचं नाव

ओकव्हिलहून टोरांटोला जाणाऱ्या सकाळच्या गो ट्रेनमध्ये गौरांगी मांडीवर कागद घेऊन चौकोन, वर्तुळं आणि बाण काढत बसली होती. डेटा फ्लो डायग्राम – म्हणजे माहिती कुठून निघते आणि कुठे पोचते, त्याचं चित्र. कॉलेजात दाखवायचं होतं. कच्चं असलं म्हणजे ती मराठीतच लिही. एका चौकोनात ‘ग्राहक’, दुसऱ्यात ‘बँक’. खिडकीबाहेर तळं पावसात विरघळत होतं.

“हा बाण चुकलाय,” शेजारचा तरुण हळूच म्हणाला.

तिनं वर पाहिलं. “पुण्याचे का?”

“कसं ओळखलंत?”

“नाव सांगायच्या आधी चूक सांगितलीत.”

तो कानापर्यंत लाल झाला. नाव उन्मेष, काम सॉफ्टवेअरचं. चूक मात्र खरी होती. दोन चौकोन थेट जोडायचे नसतात, मधे काम करणारं एखादं वर्तुळ लागतं. “मधे काहीतरी घडावं लागतं,” तो म्हणाला, आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिच्याकडे बघत राहिला...

मग तो रोज तिच्यासाठी खिडकीची जागा धरू लागला. ती नागपूरची, डब्यात सांबारवडी आणायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला पटेपर्यंत डबा रिकामा झालेला असे. ती बोलायची – भाड्याच्या बेसमेंटमधल्या खोलीतली थंडी, आईचे फोन, आईनं शोधलेली स्थळं. तो “हं” म्हणायचा. एकदा त्यानं शिकवलं, की ज्या वर्तुळात सगळं आत जातं आणि बाहेर काहीच येत नाही, त्याला ब्लॅक होल म्हणतात.

“ओळखते मी एकाला,” ती म्हणाली. त्यावरही त्याचं “हं”च.

आणि त्याला चार तासांवरच्या विंडसरला नोकरी लागली.

तो निघाला त्या रविवारी ती स्टेशनवर आली. वाटेतच होतं, असं म्हणाली, नव्हतं. आज हा बोलला नाही, तर विंडसर नकाशावर आहे त्याहून फार लांब जाणार होतं. प्लॅटफॉर्मवरच्या काचेच्या आडोशात दोघं उभी राहिली. बाहेर पाऊस, आत श्वासांनी धुकट झालेली काच.

“येतो मग,” तो म्हणाला.

“बाण तर बाहेर चाललाय... आणि म्हणता, येतो?”

मग त्यानं बोटानं काचेवर दोन चौकोन काढले – विंडसर, ओकव्हिल. मधे या वेळी वर्तुळ नाही, थेट एकच बाण. टोक ओकव्हिलकडे.

“याला नाव नाही,” ती बाणाकडे बघत म्हणाली. “काय येतंय, ते लिहायला लागतं ना?”

बोट थबकलं. मग त्यानं लिहिलं – मी.

त्या अक्षरातून एक थेंब सावकाश खाली ओघळला.

“इकडे पोचल्यावर नाव बदलावं लागेल,” गौरांगी म्हणाली. तिनं हातमोजा काढला, ‘मी’ अलगद पुसलं आणि तिथे लिहिलं – तू. अख्खा हिवाळा दोघांचं अहो-जाहो चाललं होतं.

तो ते एकच अक्षर वाचत राहिला... पावसात गाडीचे दिवे दिसू लागले.

“शुक्रवारी येतो,” तो म्हणाला.

“ये,” ती म्हणाली.