भिंतीतल्या बाईचे केस

"ही बाई आता घाबरवत नाही हो," मी म्हणाले. "हिला बघून वाटतं, बिचारीला बसायला खुर्ची द्यावी!"

समोरच्या गिऱ्हाइकाने फक्त एवढंच विचारलं होतं, की मी वाचतेय ते कॉमिक कसं आहे. दुपारची वेळ होती, मामाच्या चष्म्याच्या दुकानात शुकशुकाट होता आणि मी काउंटरमागे 'ओलसर भिंत'चा ताजा अंक उघडून बसले होते. मामा चष्मे विकतो, मी डोळे तपासते, आणि कुणी नसलं की भुताखेतांत रमते. त्यात कुणी मत विचारलं, की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

तो चष्म्याची सैल दांडी घट्ट करून घ्यायला आला होता. उंच, जरासा वाकून बोलणारा, शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग.

"का बरं?" त्याने विचारलं.

"आधीच्या अंकांत भिंतीतून तिचे केस बाहेर यायचे ना... एकेक केस सुटा दिसायचा. पानाला बोट लावायची भीती वाटायची. आता नुसता काळा गोळा. बाई तीच, भिंत तीच, पण जीवच गेलाय तिचा."

"भुताचा जीव?"

मी खळखळून हसले. तो नाही हसला. चष्मा चढवून, "येतो, मॅडम," म्हणून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात परत आला. पुन्हा तीच दांडी. मग नाकावरची गादी टोचत होती. मग चष्म्याला डबी हवी होती... आणि दर वेळी गाडी कॉमिकवरच यायची. मामा भिंगं पुसता पुसता म्हणाला, "या साहेबांच्या चष्म्याला एवढे स्क्रू आहेत तरी कुठे? का डोक्यातलाच एखादा ढिला झालाय?" तेव्हापासून आमच्या दुकानात त्याचं नाव 'स्क्रूवाले' पडलं.

एकदा तो 'निळा पहारेकरी'चा नवा अंक घेऊन आला. "हा आवडतो का तुम्हाला?"

"नाव नका काढू त्याचं! तो मेला तेव्हा मी रडले होते. खरंच, उशीत तोंड खुपसून. आणि पुढच्या काही अंकांतच हा पठ्ठ्या जिवंत! वर नवाकोरा झगा. मग माझे अश्रू परत द्या की."

"पण परत आला तेव्हा आनंद नाही झाला?"

"...झाला. थोडासा."

"मग राग कशाचा?"

"आनंद झाला, याचाच."

तो हसला. पहिल्यांदाच असं मनापासून, आणि माझं मन उगाचच त्या हसण्यापाशी रेंगाळलं. मग त्याने अंक उघडून पान अगदी नाकाशी नेलं आणि मनगटाने डोळे चोळले. जोरात, सवयीने चोळावेत तसे.

"डोळे तपासून घ्या एकदा," मी म्हणाले.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला. दर वेळी हेच.

मग एका भुरभुरत्या दुपारी तो आला. केसांवर पावसाचे बारीक थेंब, हातात काही नाही.

"आज काय ढिलं झालंय?"

"आज... काहीच नाही."

माझे कान तापले. काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हणाले, "मग चला आत. आज सुटका नाही."

आतल्या खोलीत अंधार करून मी अक्षरांचा तक्ता उजळला. त्याने एक डोळा झाकला आणि वरून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा म्हणून टाकल्या. शेवटची सुद्धा.

फारच घडाघडा. माणसं वाचताना अडखळतात. हा पाढे म्हणत होता.

"आता तीच ओळ उलटीकडून वाचा."

त्याने डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"कधी पाठ केलंत?"

"बाहेरच्या बाकावर बसून. तुम्ही दार उघडं ठेवता तेव्हा... मधेच तक्त्यापाशी येऊन, चष्मा मागंपुढं करून."

"पण का?"

अंधारात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. आवाज मात्र अगदी जवळ होता. "मॅडम, तो काळा गोळा मी काढतो. 'ओलसर भिंत'ची चित्रं माझी आहेत. डोळे बिघडलेत हे कळलं, तर काम जाईल."

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"सगळे म्हणाले, नवी शैली आहे. छान आहे," तो सांगत होता. "तुम्ही एकट्या म्हणालात, जीव गेलाय. मला एकाच्या जागी चार रेषा दिसतात... कोणती काढू कळत नाही, मग सगळ्याच भरून टाकतो. तुमचं मत बदलेल म्हणून परत आलो. नंतर मात्र..."

"नंतर काय?"

"नंतर स्क्रू मीच ढिले करायचो."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. मी यंत्र त्याच्या डोळ्यांपुढे ओढलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. "हे वाढणं थांबवता येतं," मी सांगितलं. "पण लपवून नाही. डॉक्टरांकडे मी येते बरोबर."

मी गेले. डॉक्टरांनी उपचार केले. दुखणं इथेच थांबेल, म्हणाले. काही आठवडे गेले की डोळ्यांत घालायच्या कडक लेन्स मिळतील, पुन्हा काम करता येईल. तोवर ना शाई, ना कुंचला. आणि मग प्रकाशकांनी पुढचा अंक दुसऱ्या चित्रकाराला दिला.

तो अंक बाजारात आला त्या दिवशी मी तो घेऊन त्याच्या घरी गेले. दार त्याच्या ताईने उघडलं. "बघा बाई तुम्हीच," ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून एक अक्षर बोलला नाही." आणि चहा टाकायला आत गेली.

तो खिडकीकडे पाठ करून बसला होता, डोळ्यांवर काळा गॉगल. टेबलावरच्या शाईच्या बाटल्या कुणीतरी पुसून एका कोपऱ्यात सारल्या होत्या.

"वाचलात?" त्याने विचारलं. "कसा आहे?"

मी अंक मांडीवर घट्ट धरला. 'तुमच्यासारखं नाही जमलं त्याला,' एवढं म्हटलं की झालं. त्याचा चेहरा फुलला असता. शब्द अगदी जिभेवर आले होते...

"चांगला आहे," मी म्हणाले. "खूप चांगला. मी घाबरले."

त्याने त्या बाटल्यांकडे तोंड फिरवलं. गेलं, मला वाटलं. सगळं घालवलं मी, एका मतापायी. पर्स उचलून मी उठले.

"बसा ना," तो म्हणाला. "दुखलं, नाही म्हणत नाही. पण खोटं बोलला असतात, तर पुढे माझ्या चित्राला कितीही छान म्हणालात तरी मला ते खरं वाटलं नसतं."

तोंड उघडलंच आहे, तर...

"मग आणखी एक खरं सांगू? मला तुम्ही आवडता. शाई असताना, नसताना... दोन्ही वेळेला."

त्याने गॉगल काढला. लाल, पाणावलेले डोळे बारीक करून माझा चेहरा शोधू लागला.

"हे मत, का निदान?"

"दोन्ही."

आतून कपबशांचा आवाज येत होता. तो खुर्ची सरकवत जवळ आला, इतका जवळ, की त्याला मी एकच दिसले असेन.

"परत सांग," तो म्हणाला.

सांग. 'सांगा' नाही... सांग.

आणि मी सांगितलं.